'कल्चर'साठी ऑफिसला या म्हणे

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहानंतर एचआरकडून आलेला मेल चांगली बातमी घेऊन आलाय असं निदान माझ्या नोकरीत तरी कधी झालेलं नाही. बोनसचा मेल येतो सोमवारी सकाळी, सीईओच्या हसऱ्या फोटोसकट. आणि 'एक तारखेपासून पाच दिवस ऑफिस' हा मेल येतो शुक्रवारी, लोक लॅपटॉप मिटायच्या बेतात असताना, सब्जेक्टमध्ये 'एक्सायटिंग अपडेट' असं लिहून, आणि खाली सही कुणाची तर 'टीम एचआर'. म्हणजे सही करायलाही माणूस नाही. उत्तर द्यायला जावं तर नो-रिप्लाय.

हे मी बाहेरून बघून लिहीत नाहीये हां, असले मेल लिहिणं हीच माझी नोकरी. इंटर्नल कम्युनिकेशन म्हणतात. सीईओचा मेल, टाऊनहॉलच्या (म्हणजे अख्ख्या कंपनीच्या सभेच्या) स्लाइड्स, एफएक्यू म्हणजे लोकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं, इंट्रानेटवरच्या पोस्टी, सगळं आमच्याकडून जातं. आईला मी 'कंपनीची पत्रं लिहिते' एवढंच सांगितलंय आणि ते काही फार चुकीचं नाही.

तर मी होते पुण्यातल्या एका आयटी कंपनीत, ऑफिस हिंजवडीला. लॉकडाऊनमध्ये गोव्यात साखळीला घरी आले आणि मग राहिलेच, कारण २०२१ मध्ये कंपनीनेच सांगितलं होतं की आता आपण रिमोट फर्स्ट, कुठूनही काम करा, आम्हाला फक्त काम झालेलं दिसलं पाहिजे. (तो मेलही आमच्याच टीमने लिहिला होता, सोमवारी सकाळी गेला होता, फोटोसकट.) लोकांनी ते खरं मानलं, का मानू नये? कुणी वाकडचा फ्लॅट सोडला, कुणी डिचोलीला घरावर खोली चढवली, आमच्या शेजारच्या टीममधल्या पेडण्याच्या एका मुलाने गावाकडे इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट असा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून केला, कारण जूनमध्ये पहिला पाऊस लागला की आमच्याकडे लाईट कधी जाईल आणि कधी येईल हे वीज खात्यालाही सांगता येत नाही. लोक त्या मेलच्या भरवशावर आयुष्य मांडत होते आणि वर कुणाच्या ते गावीही नव्हतं.

मग गेल्या वर्षी जुलैत निर्णय झाला की सगळ्यांनी पाच दिवस हिंजवडीला यायचं, १ सप्टेंबरपासून. आणि मला मेलचा ड्राफ्ट करायला सांगितला.

आता इथे जे झालं ते मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण लोकांना वाटतं की वर बसलेली माणसं मुद्दाम खोटं बोलतात. तसं नसतं दर वेळी. पहिला ड्राफ्ट मी डिलिव्हरी हेडशी अर्धा तास बोलून लिहिला होता, आणि तो माणूस माझ्याशी अगदी सरळ बोलला. म्हणाला, दोन मोठ्या क्लायंटनी नवीन कॉन्ट्रॅक्टमध्ये अख्खी टीम एका जागी हवी अशी अट घातलीय. दुसरं म्हणजे नवीन भरती केलेली मुलं शिकत नाहीयेत, वर्ष झालं तरी सिनियरला फोन करून विचारायला बिचकतात. आणि तिसरं, बिल्डिंगचं लीज अजून काही वर्षं आहे, दोन मजले रिकामे पडून आहेत आणि बोर्ड दर मीटिंगला त्यावरून आम्हाला झापतं. मी तिन्ही गोष्टी साध्या भाषेत लिहिल्या. वाचून मलाच वाटलं, राग येईल, पण समजेल तरी.

मग ड्राफ्ट फिरायला लागला. सेल्सने क्लायंटचं वाक्य काढलं, क्लायंट कॉन्फिडेन्शियल. लीगलने लीजचं काढलं, उद्या कुणी हेच वाक्य घेऊन कोर्टात गेलं तर. एचआरने नवीन मुलांचं काढलं, फ्रेशर्सना वाईट वाटेल. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि प्रत्येकाचं त्याच्यापुरतं बरोबर. शेवटी जी खरी तीन कारणं होती ती तिन्ही गेली आणि मोकळ्या जागेत काहीतरी भरायला हवं म्हणून आलं 'कोलॅबोरेशन, कल्चर आणि इनोव्हेशन'. मी म्हटलं, अहो याच्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही. तर उत्तर आलं, 'यावर कुणी ऑब्जेक्शनही घेणार नाही.' बस. असं जन्माला येतं ते कल्चर.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी तेव्हाही मीटिंगमध्ये बोलले होते, की नको असलेला निर्णय लोक एक वेळ पचवतात. शिव्या घालतात, आठवडाभर चहावर तोच विषय, पण पचवतात. पचत नाही ते खोटं कारण. कारण निर्णयात तुम्ही माझी सोय काढून घेता, खोट्या कारणात तुम्ही मला मूर्ख ठरवता.

हे नुसतं माझं मत नाही बरं का. १९९० मध्ये जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन संशोधकाचा एक अभ्यास छापून आला, आमच्या क्षेत्रात तो प्रसिद्ध आहे पण आमच्या क्षेत्राबाहेर कुणाला माहीत नसतो. एका कंपनीला कॉन्ट्रॅक्ट गेल्यामुळे दोन कारखान्यांत १० आठवडे पगार १५ टक्के कापावा लागला. एका कारखान्यात प्रेसिडेंट स्वतः आला, साधारण दीड तास बसला, आकडे दाखवले, वाईट वाटतंय म्हणाला, प्रश्न घेतले. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत उरकलं, पगार कापतोय, इतके आठवडे, धन्यवाद. तिसऱ्या कारखान्यात कपातच नव्हती, तो तुलनेला. पगार दोन्हीकडे तेवढाच कापला होता, पण कारखान्यातून वस्तू चोरीला जाण्याचं प्रमाण जिथे पंधरा मिनिटांत उरकलं तिथे कितीतरी जास्त वाढलं, नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त, आणि पगार पूर्ववत झाल्यावर चोरी परत खाली आली. आता आयटीवाला स्टेपलर चोरत नाही. पण तो दुपारी बॅज स्वाइप करून कॉफी पिऊन घरी जातो, चार वाजता कॅलेंडर ब्लॉक करून लिंक्डइन अपडेट करतो, तीही तीच वसुली आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडे कधीकधी सांगण्यासारखं खरं, साधं, कुणालाही पटेल असं कारण हातात असतं आणि तरीही सांगत नाहीत. सेझचंच, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचंच घ्या. सेझमध्ये युनिट असेल तर तिथल्या लोकांनी घरून काम करण्यावर सरकारचे नियम आहेत, जुलै २०२२ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने नियम ४३अ आणला त्यात सुरुवातीला ५० टक्के लोकांना आणि तेही एक वर्षापर्यंत अशी मर्यादा होती, नंतर त्यात सवलती दिल्या. एखाद्या कंपनीला त्यामुळे लोक बोलवायला लागले असतील तर तसं लिहा ना. 'आपलं युनिट सेझमध्ये आहे, नियम असा आहे, टॅक्सचा प्रश्न आहे.' गोव्यातल्या माणसाला सरकारी नियम समजत नाही असं वाटतं की काय तुम्हाला? आमचं निम्मं आयुष्य पंचायतीत फॉर्म भरण्यात गेलंय.

आणि समजा कारण खरोखरच सांगता येत नाही, क्लायंटचं नाव घेता येत नाही, मान्य. मग 'एक कारण असं आहे जे कराराच्या गोपनीयतेमुळे सांगता येत नाही' असं लिहा. मी हे वाक्य सुचवलं होतं. लीगलचं म्हणणं, याने शंका निर्माण होतील. अरे, शंका तर ऑलरेडी आहेत, त्यांच्याशिवाय दुसरं आहे काय?

मोठ्या कंपन्यांचं बघितलं तर सगळ्यांनी पैसे आणि वकील असूनही तेच केलंय. याहूने फेब्रुवारी २०१३ मध्ये, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी, वर्क फ्रॉम होम बंद केलं. सीईओ होत्या मारिसा मेयर, निर्णय त्यांचा म्हणूनच जगभर गाजला, पण मेमो गेला एचआर प्रमुखांच्या नावाने. त्यात लिहिलं की घरून काम केल्याने वेग आणि दर्जा घसरतो, आणि वर सूचना की हे कॉन्फिडेन्शियल आहे, फॉरवर्ड करू नका. अर्थातच तो लगेच फुटला आणि शब्दन् शब्द छापून आला. मी नवीन मुलांना शिकवते तेव्हा पहिलं हेच सांगते, मेल लिहिताना असं धरून चाला की उद्या सकाळी हा पेपरात आहे. ज्या वाक्याची पेपरात लाज वाटेल ते वाक्य लिहू नका, 'फॉरवर्ड करू नका' लिहून काही होत नाही, उलट लोक आवर्जून करतात.

जेपीमॉर्गन या अमेरिकन बँकेने जानेवारी २०२५ मध्ये पाच दिवस ऑफिस जाहीर केलं, आतल्या वेबसाइटवर खाली कमेंट्सचा पाऊस पडला, तर त्यांनी कमेंट्सच बंद केल्या. मग फेब्रुवारीत सीईओ जेमी डायमन यांचा टाऊनहॉल झाला त्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं, त्यात ते शिवी घालून म्हणतायत की या निर्णयाविरुद्धच्या पिटिशनवर किती लोकांनी सह्या केल्या याची मला पर्वा नाही. सगळीकडे टीका झाली. पण माझं मत विचाराल तर थोडं वेगळं आहे. शिवी सोडा, ती नकोच होती. पण त्याच भाषणात ते म्हणाले की झूमवर लोक मीटिंग चालू असताना एकमेकांना मेसेज करतात, मेल वाचत बसतात, लक्ष देत नाहीत, नवीन पोरं मागे पडतायत. हे त्यांना मनापासून वाटतं. पटो न पटो, माणूस जे मानतो ते बोलतोय. अधिकृत मेलमध्ये कल्चरची फुलं वाहायची आणि खरं कारण चिडल्यावर तोंडातून निघायचं, ही उलटी तऱ्हा. तेच शांतपणे पहिल्या मेलात लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

ॲमेझॉनचं अजून वेगळं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीईओ अँडी जॅसींनी तीन दिवस ऑफिस जाहीर केलं, मेअखेर सिॲटलमध्ये लोक कामावरून उठून बाहेर आले, तरी सप्टेंबर २०२४ मध्ये पाच दिवस जाहीर झाले, २ जानेवारी २०२५ पासून लागू. मग त्यांच्या क्लाउड विभागाचे प्रमुख मॅट गार्मन एका मीटिंगमध्ये म्हणाले की मी ज्यांच्याशी बोललो त्यातले दहापैकी नऊ जण या बदलावर खूश आहेत. आता सांगा, तुमच्यासमोर तुमच्या बॉसचा बॉसचा बॉस उभा आहे आणि विचारतोय कसं वाटतंय, तुम्ही काय सांगाल? पाचशेच्या वर कर्मचाऱ्यांनी त्यांना पत्र लिहिलं. मला वाटतं त्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांपेक्षा ते 'दहापैकी नऊ' जास्त लागलं असणार. नको असलेली गोष्ट करा म्हणा, पण ती मला आवडतेय असं माझ्याच वतीने जाहीर करू नका. 'तुमच्या फीडबॅकवरून आम्ही' अशी सुरुवात झालेला मेल वाचताना मला अजूनही कपाळावर हात मारावासा वाटतो, कारण त्या सर्व्हेचे खरे निकाल बऱ्याचदा मीच एक्सेलमध्ये बघितलेले असतात.

आणि भारतातली गोष्ट सांगायची तर टीसीएस. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी २५ बाय २५ सांगितलं होतं, म्हणजे २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांना ऑफिसात असायची गरज पडणार नाही. आमच्या क्षेत्रात तेव्हा त्या प्रेझेंटेशनचं केवढं कौतुक. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पाच दिवस ऑफिस, पुढच्या वर्षी व्हेरिएबल पे (पगारातला कमी-जास्त होणारा भाग) सुद्धा हजेरीला जोडला, ६० टक्क्यांच्या खाली हजेरी असेल तर त्या तिमाहीचा व्हेरिएबल पे शून्य. परिस्थिती बदलते, धोरण बदलतं, त्यात काही पाप नाही. पण बदलताना जुना शब्द आठवतोय हे तरी दिसू दे. 'आम्ही २०२१ मध्ये असं म्हटलं होतं, आता तसं करत नाहीये, कारण असं असं' हे वाक्य माझ्या त्या ड्राफ्टमध्ये होतं आणि सगळ्यात आधी तेच उडालं. त्यांचं म्हणणं, जुनं कशाला उकरायचं. पण लोकांकडे तो मेल असतो हो! टाऊनहॉलच्या चॅटमध्ये कुणीतरी पहिल्या पाच मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट टाकलाच.

त्या टाऊनहॉलचं सांगते. टीम्सवर होता, मी मॉडरेटर. साखळीला बाहेर धो धो पाऊस, इन्व्हर्टरवर राऊटर चालू, आणि मी प्रश्नांच्या यादीत बघतेय की सगळ्यात जास्त लाइक कुठल्या प्रश्नाला आहेत. पहिला होता, 'एक सप्टेंबरच का?' आता ज्यांना गोवा माहीत नाही त्यांच्यासाठी, गेल्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती २७ ऑगस्टला, बुधवारी. आमच्याकडे चवथ म्हणजे एक दिवसाची सुट्टी नव्हे, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्यापासून ते न्हंयवर, म्हणजे नदीवर, विसर्जनापर्यंत अख्खं गाव घरी असतं, मुंबई-पुण्याला असलेला माणूस नोकरी गेली तरी चालेल म्हणून येतो. पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन ३१ तारखेला रविवारी रात्री, आणि सोमवारी सकाळी तुम्ही साडेचारशे किलोमीटर लांब हिंजवडीच्या गेटवर बॅज दाखवायचा. बरं निर्णय घेणारे लंडनला बसले असते तर एक गोष्ट, ही पुण्यातली माणसं! गणपती कधी आहे ते त्यांना माहीत नव्हतं हे कुणाला सांगता?

खरं उत्तर काय होतं माहितीये? फायनान्सने तिमाहीच्या हिशोबात कॅन्टीन आणि बसचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरपासून धरलं होतं. बस्स. कुणी दुष्टपणाने तारीख काढली नव्हती, कुणी कॅलेंडरच उघडलं नव्हतं. पण सीईओंनी उत्तर काय दिलं, तर 'गणेशोत्सव हा नव्या सुरुवातीचा काळ आहे.' चॅट दोन सेकंद थांबलं आणि मग जे काही सुरू झालं ते मी मॉडरेट करायचं सोडून दिलं. मला एचआरकडून मेसेज आला, कमेंट्स बंद कर. मी विचारलं, लेखी देता का? मग तो विषय राहिला.

एक माणूस मात्र त्या सगळ्यात नीट वागला, आणि तो काही लीडर वगैरे नव्हता, आमच्या टीमशेजारच्या टीमचा मॅनेजर, त्या पेडण्याच्या मुलाचा बॉस. मधल्या मॅनेजरांची अशा वेळी काय हालत होते हे वरच्यांना कळत नाही. मेल सगळ्यांना एकाच मिनिटाला जातो, मॅनेजरलाही आणि त्याच्या माणसांनाही, आणि सहा पस्तीसला त्याचा फोन वाजायला लागतो आणि त्याला काहीच माहीत नसतं. ह्याने काय केलं, स्वतःच फोन लावला. तो मुलगा नंतर मला सांगत होता, 'ताई, ते म्हणाले, हे बघ, मलाही मेलमध्येच कळलं. का ठरवलं ते मला खरंच माहीत नाही, उगाच काहीतरी सांगत नाही तुला. तारीख तुझ्यासाठी पुढे जाते का विचारतो, बुधवारपर्यंत सांगतो, नाही जमलं तरी बुधवारीच सांगतो.' आणि बुधवारी फोन केला. तारीख नाही बदलली. पण अनंत चतुर्दशीपर्यंत रजा टाक, मी अप्रूव्ह करतो, एवढं त्याच्या हातात होतं आणि तेवढं त्याने केलं. मुलगा सात तारखेच्या रात्रीच्या बसने पुण्याला गेला, चिडचिड करत, पण गेला, आणि अजून त्याच टीममध्ये आहे. माझ्या अख्ख्या एफएक्यूमध्ये, चाळीसेक प्रश्नांच्या, त्या एका फोनइतकं काही कामाचं नव्हतं. साधी गोष्ट होती की मॅनेजरांना दोन दिवस आधी बोलवून सगळं सांगायचं, त्यांचे प्रश्न घ्यायचे, त्यातून चवथीचा घोळ तिथेच कळला असता. पण लीक होईल म्हणे. झालं काय मग, लीक व्हायचं ते झालंच, मेलच्या आधी दोन दिवस ड्रायव्हरपासून सगळ्यांना बसचं रूट माहीत होतं.

एक्सेप्शनचं तर बोलायलाच नको पण बोलते. मेलमध्ये लिहिलं होतं 'अपवाद केस-बाय-केस विचारात घेतले जातील.' मी आजवर वाचलेलं सगळ्यात महागडं वाक्य आहे हे. कारण निकष काय, कोण ठरवणार, किती दिवसांत कळणार, यातलं काहीच नाही. मग मुंबईतल्या एका सिनियर आर्किटेक्टला मिळालं, कारण तो गेला असता तर प्रोजेक्ट बसला असता, आणि वाळपईच्या एका मुलीला, जिची आई डायलिसिसवर आहे, तिला तीन वेळा डॉक्युमेंट मागवून नाही म्हणाले. आर्किटेक्टला सांगितलं होतं कुणाला बोलू नकोस. त्याने कुणालाही सांगितलं नाही आणि आठवड्यात सगळ्यांना कळलं. तुलनेला झूमचं बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनीही लोकांना बोलावलं, झूमनेच ऑफिसला बोलावलं म्हणून जगाने खूप हसून घेतलं, पण नियम स्वच्छ होता, ऑफिसपासून ५० मैलांच्या आत राहत असाल तर आठवड्यातून दोन दिवस या. पट्टी लावून मोजता येतं. मी आत की बाहेर हे मला कुणाची मर्जी न सांभाळता कळतं.

आणि हो, वरचा माणूस स्वतः येतो का, हे लोक बघतातच बघतात. स्टारबक्सचे ब्रायन निकोल २०२४ मध्ये सीईओ झाले तेव्हा त्यांच्या करारातच होतं की कॅलिफोर्नियात राहा आणि सिॲटलला कंपनीच्या विमानाने ये-जा करा. पुढच्या वर्षी त्यांनीच कॉर्पोरेट स्टाफला चार दिवस ऑफिस सांगितलं. त्या पत्रात कितीही चांगली भाषा असू दे, वाचणाऱ्याला मधे ते विमानच दिसणार. आमच्याकडे विमान नव्हतं, पण एक डायरेक्टर दर शुक्रवारी अलिबागहून कॅमेरा बंद ठेवून जॉइन व्हायचे, समुद्राचा आवाज यायचा मागून.

एक सांगते, मी काही घरून काम करण्याची भक्त नाही. नवीन मुलं शेजारी बसून शिकतात हे मलाही दिसतं. पण लीडर लोक ज्या खात्रीने बोलतात ती खात्री कुठून येते ते कळत नाही. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १६१२ लोकांवर, निम्म्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि बाकीच्यांना पूर्ण ऑफिस. कामात किंवा प्रमोशनमध्ये फरक पडला नाही, सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, सुरुवातीला तिथल्या मॅनेजरांना वाटत होतं याने काम कमी होईल, आणि प्रयोग संपल्यावर त्यांनीच मत बदललं. म्हणजे मत बदलता येतं, पण आधी करून बघावं लागतं. 'आम्ही सहा महिने करून बघतो, हे हे मोजणार आहोत, नाही जमलं तर परत येऊ' असं एकही पत्र मला आजवर लिहायला मिळालं नाही.

मी ती कंपनी सोडली, म्हणून तर हे लिहितेय. आता पणजीत पाट्टोला एका छोट्या कंपनीत आहे, पन्नासेक माणसं असतील. इथेही आधी सगळे घरून, आणि गेल्या महिन्यात ठरलं की आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. बॉसने मला विचारलं मेल लिहितेस का, मी म्हटलं, तुम्ही लिहा, मी फक्त शुद्धलेखन बघते. त्यांनी लिहिलं, भाषा अगदीच ओबडधोबड, चार पॅरेग्राफ. ऑफिस भाड्याने घेतलंय आणि ते रिकामं आहे याचा मला त्रास होतोय. दोन नवीन मुलं सहा महिन्यांत काही शिकली नाहीत ते मला दिसतंय. तुमच्यातल्या काहींना हे आवडणार नाही, मला माहीत आहे, तुम्हाला जॉइन करताना रिमोट सांगितलं होतं ते पण मला आठवतंय, म्हणून ज्यांना तसं लेखी दिलंय त्यांना हे लागू नाही, ती नावं खाली. चवथीचा आठवडा सोडून. मंगळवारी सकाळी पाठवला, आणि दुपारी सगळ्यांना बोलावून बसले.

लोक कुरकुरले, का नाही कुरकुरणार. पण 'खरं कारण काय' हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, त्यामुळे तासभर चर्चा झाली ती सगळी पर्वरीच्या ट्रॅफिकवर. म्हापसा, थिवी, कोलवाळकडचे सगळे एका सुरात, नऊला पोचायचं तर घरून कधी निघायचं, परत संध्याकाळी तेच. फोंड्यावाल्यांनी त्यात बाणास्तरीचा पूल काढला, मग कुणीतरी पार्किंग काढलं, पाट्टोला पार्किंग मिळणं म्हणजे काय ते पणजीकरांना सांगायला नको. शेवटी मागणी आली की नऊऐवजी अकरा करा, सहाऐवजी सातपर्यंत थांबू आणि उरलेला वेळ घरून भरून काढू. बॉसनी दोन मिनिटंही घेतली नाहीत, तिथल्या तिथे अकरा केले. ते स्वतः म्हापशाहून येतात.